अक्का आहे ना

“अक्काकडे जरा बघा हो, डॉक्टर,” वॉर्डात सगळे ज्यांना कडक सिस्टर म्हणत, त्या म्हणाल्या होत्या. “हल्ली ती बसून कामं करते.”

संध्याकाळची वेळ होती. डॉक्टरच्या खांद्यावर पर्स, हातात मोबाइल आणि मोबाइलवर घरून आलेला निरोप: लेकीने दुपारचे सगळे दूध उलटले. कडक सिस्टरांचे बोलणे तिच्या कानांवर पडले, पण मन केव्हाच घरी पोहोचले होते. “अक्का आणि आजारी?” ती हसत म्हणाली. “आजारी पडायच्या आधी त्या वॉर्डाची परवानगी घेतील.” टेबलाभोवतीची मंडळी हसली. कडक सिस्टर हसल्या नाहीत. पण त्या एरवीही हसत नसत, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आले नाही.

डॉक्टर जिना उतरून घरी गेली. लेकीचा ताप मोजला, पोट दाबून पाहिले, रात्रभर तिचा श्वास ऐकत पडून राहिली. ज्या बाईचे डोळे पोटच्या पोरीच्या अंगावरचा बारीकसा लाल ठिपकाही सोडत नव्हते, त्या बाईला रोज शेजारी उभ्या राहणाऱ्या अक्का दिसल्या नाहीत. असे कसे झाले, ते सांगायचे तर आधी अक्का सांगाव्या लागतील.

बायकांच्या वॉर्डात अक्का इतकी वर्षे होत्या की नवे डॉक्टर त्यांना इमारतीबरोबरच आलेल्या समजत. त्यांचा धाकटा भाऊ एकदा काही निरोप घेऊन आला आणि दारातून “अक्का” अशी हाक मारून गेला, तेव्हापासून साऱ्या वॉर्डाच्या त्या अक्का झाल्या. बोलणे कमी, चाल हलकी. पेशंटला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायची सवय. डॉक्टर मंडळी वाईट बातमी सांगतात ती बहुधा उभ्याने, आणि सांगून झाली की त्यांना दुसरीकडे कुठेतरी तातडीचे काम आठवते. ही डॉक्टरही त्याला अपवाद नव्हती. ती वळली की पाठीमागे स्टूल सरकल्याचा आवाज येई. अक्का बसलेल्या असत. ‘होईल सगळं नीट’ असे त्या चुकूनही म्हणत नसत. त्या विचारत, “घरी काय तसंच टाकून आलात?”

आणि बायका सांगत. भिजवलेले कपडे, गॅसवर उतू गेलेले दूध, शेजारणीकडे ठेवलेले मूल. एका म्हातारीने तर सलाइन लावूच दिले नाही, हात पांघरुणाखाली दडपून ठेवला. डॉक्टरने समजावले, मग दरडावले, मग नाद सोडला. अक्कांनी अर्धा तास खर्चून काढून घेतले ते असे, की बाईंच्या घरी पिंजऱ्यात साळुंकी आहे, तिची पाण्याची वाटी रिकामी झाली असणार, आणि घरात दुसरे कुणी नाही. ड्यूटी संपल्यावर अक्का किल्ली घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, “तुमची साळुंकी खुशाल आहे. मला मात्र चावली.” म्हातारी खुदकन हसली आणि तिने आपणहून हात पुढे केला.

बाळंतपणाची रजा संपवून डॉक्टर कामावर आली, त्या दिवशी तिची छाती दुधाने दगडासारखी झाली होती आणि राउंड थांबायला तयार नव्हता. अक्कांनी तिला दंडाला धरून चादरींच्या खोलीत नेले. तिथे खुर्ची होती, दोरीवर पडदा टाकला होता, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तयार होता. “आधी हे,” त्या म्हणाल्या. “पेशंट कुठं पळून जात नाहीत.” डॉक्टर तिथे बसून रडली. अक्का पडद्याबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या आणि आत यायला निघालेल्या प्रत्येकाला चादरी संपल्याचे सांगत राहिल्या.

अशा माणसाचे कौतुक करणे सोपे असते, आणि डॉक्टर ते करतही असे. औषध मी लिहिते, पण माणूस बरा व्हायला राजी होतो तो अक्कांमुळे, असे ती चारचौघांत सांगे. हे तिला मनापासून वाटे. आणि मनापासून वाटत असूनही ती निघताना म्हणे, “अक्का, जरा थांबाल? त्या कोपऱ्यातल्या बाईंचा काही भरवसा नाही.” अक्का थांबत.

अक्कांचे लग्न झालेले नव्हते. त्यामुळे त्यांचा वेळ म्हणजे बागेतले बाक झाले होते, कुणीही यावे आणि बसावे. कुणाचे मूल तापाने फणफणले, कुणाचा नवरा परगावाहून यायचा, कुणाच्या सासूचे डोळ्यांचे ऑपरेशन. ड्यूटी बदलून हवी असली की सगळ्यांचे पाय तिकडेच वळत. “तुला काय गं, मागं कुणाचा व्याप नाही,” असे म्हणणारीला त्यात आपण काही कठोर बोललो असे वाटत नसे. कधी कधी तर विचारायचीही तसदी कुणी घेत नसे. “अक्का आहे ना,” एवढे म्हटले की काम झाले.

मग एका सकाळी चादरीचा कोपरा गादीखाली खोचताखोचता अक्का पलंगाच्या कडेवर बसल्या, आणि तिथल्या पेशंटच्या पायांशी आडव्या झाल्या. त्या बाईने सलाइन लावलेल्या हातानेच त्यांचे डोके सावरले आणि वॉर्ड दणाणेल अशी हाक मारली.

डॉक्टर धावली. तिने अंगठ्याने अक्कांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. दिवसातून कितीतरी बायकांची ती अशी ओढून बघे. अक्कांच्या पापणीच्या आत लाली औषधालाही नव्हती, धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखे फिकट होते सगळे.

“रक्त जातंय का अक्का?” पडदे ओढल्यावर तिने विचारले.

“जातंय.”

“तुमची पाळी तर थांबली होती ना?”

“थांबली होती. मग परत सुरू झाली. बरेच महिने झाले.”

“याचा अर्थ काय असू शकतो, तुम्हाला माहीत आहे.”

अक्कांनी डोळे मिटले. “माहीत आहे म्हणून तर कुणाला विचारलं नाही.”

बाहेर कडक सिस्टर रक्ताची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्या डॉक्टरला काहीही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

तपासण्या झाल्या. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करता येण्याजोगा होता, मात्र आता दिवस घालवून चालणार नव्हते. डॉक्टरने तारीख ठरवली. अक्का शांतपणे म्हणाल्या, “सध्या नको. धाकट्याच्या मुलीची परीक्षा आहे. आणि आईला कुशीवर कोण वळवणार?”

दोन दिवसांनी अक्कांचा हा धाकटा भाऊ भेटायला आला. पेशाने शिक्षक, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणे अतिशय नम्र. उभाच राहिला, बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसला.

“मॅडम, गोळ्यांवर नाही का भागणार? निदान सुट्टी लागेपर्यंत?”

“कुणाची सुट्टी?”

“शाळेची. तेव्हा मी घरी असतो. त्याचं काय आहे, आईचं सगळं अक्काच बघते. आई अंथरुणाला खिळलेली. तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही.”

“तुमचा चालतो का, कधी बघितलंत?”

तो ओशाळला असता तर डॉक्टरला हायसे वाटले असते. पण त्याला प्रश्नच उमगला नाही. वर्गातल्या मंद मुलाला सांगावे तसे तो सौम्यपणे म्हणाला, “मॅडम, मी मुलगा आहे.”

आणि त्याच आठवड्यात अक्कांचा फोन आला. “डॉक्टर, ती तारीख जरा पुढं ढकलू या.”

रविवारी डॉक्टर त्यांच्या घरी जाऊन थडकली. मनात भांडण पुरते तयार होते. दार भावजयीने उघडले. घर नीटनेटके होते, खिडकीतल्या कुंड्यांना नुकतेच पाणी घातलेले होते, मुले अभ्यासाला बसली होती. भांडावे असे कुठे काही दिसेना. आतल्या खोलीत अक्का, ज्यांच्या अंगात नुकतेच दुसऱ्याचे रक्त चढवले होते त्या, आईच्या पाठीला पावडर लावत होत्या.

“तुमची खोली कुठली?” डॉक्टरने सहज विचारले.

“ही काय,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी बोळाकडे बोट दाखवले. दोन खोल्यांच्या मधल्या बोळात भिंतीला टेकून घडीची खाट उभी होती. न्हाणीघराच्या दारामागच्या खिळ्याला गणवेश अडकवलेला होता. “दिवसा मुलांचे पाय लागतात, म्हणून उभी करून ठेवते.”

“आम्ही त्यांना कधी परकं मानलं नाही हो,” भावजय चहा पुढे करत म्हणाली. आवाजात खरोखरचे दुखावलेपण होते. “घर त्यांचंच आहे. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच काढली. त्यांना त्रास होतोय ते मला बोलल्या होत्या, मी म्हटलं, या वयात होतं असं. मला काय कळतंय त्यातलं?”

तेव्हा पलंगावरून आई बोलली. आवाज इतका बारीक, की सगळ्यांना हातातले काम थांबवावे लागले.

“हिला स्थळ आलं होतं. चांगलं होतं. धाकट्याचं शिक्षण व्हायचं होतं, मी म्हटलं पुढच्या वर्षी बघू. मग हे पडले. मग मी पडले.” ती थोडा वेळ दम खात राहिली. “नाही असं कुणीच म्हटलं नाही. आम्ही आपले पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत राहिलो.”

शिक्षक भाऊ खिडकीबाहेर बघत होता. अक्का पावडरच्या डब्याचे झाकण लावत होत्या, ते नीट बसत नव्हते.

ज्या वाईट चालींना नाव असते, त्यांच्याविरुद्ध सभा भरतात, कायदे होतात. या चालीला नावच नाही. घरातली एक मुलगी घरासाठी राखून ठेवायची. तिचे लग्न कुणी मोडत नाही, फक्त ठरवत नाही. तिला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, उलट येणाऱ्याजाणाऱ्यापुढे तिचे गोडवे गातात. ती आहे म्हणून भावांचे संसार बिनघोर चालतात, आणि ती दमते आहे हे कुणाला दिसत नाही, कारण दमली तर पुढे काय करायचे याचा विचार कुणी केलेलाच नसतो. अशा घरात दुष्ट माणूस शोधायला गेले तर हाती लागत नाही. सगळी चांगली माणसे असतात. डॉक्टरसारखी.

तयार करून आणलेले भांडण डॉक्टरने तसेच गिळले आणि ती भावाला म्हणाली, “हात धुऊन या.”

“मी?”

“तुम्हीच. एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली. ओढायचं नाही, आपल्याकडे वळवायचं. मधे उशी द्यायची.”

पोरे दारात येऊन बघायला लागली. अक्का पुढे सरसावल्या, तेव्हा डॉक्टरने त्यांना नजरेनेच जागच्या जागी बसवले. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आईला कुशीवर वळवले. घाम त्याला फुटला, आईला नाही.

“तुझे हात गार आहेत रे,” आई म्हणाली.

“सवय होईल,” डॉक्टर म्हणाली. “तारीख तीच राहील.”

ती निघाली तसे आईने विचारले, “पण ही लवकर येईल ना परत?”

घरी पोहोचली तेव्हा डॉक्टरच्या अंगात त्राण उरले नव्हते. दारातच नणंद लेकीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. नवऱ्याची ही मोठी बहीण, हीसुद्धा बिनलग्नाची, लेक झाल्यापासून “मदतीला म्हणून” आलेली. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिली.

“ताई, तुम्ही डॉक्टरकडे शेवटच्या कधी गेला होतात?”

“मी कशाला जाऊ? डॉक्टर रोज आपल्या पायांनी घरी येते,” नणंद म्हणाली. “येते आणि विचारते, दूध प्यायली का, शी कशी झाली. सगळं लेकीचं. माझी शी कशी आहे ते अजून कुणी विचारलं नाही.”

ती चेष्टा करत होती. डॉक्टरला हसू आले नाही. तिने लेकीला पाळण्यात ठेवले, नणंदेला खिडकीपाशी उजेडात उभे केले आणि तिची पापणी ओढून पाहिली. पापणी ठीक होती. पण गेले कित्येक आठवडे डावी दाढ ठणकते म्हणून ही बाई एकाच बाजूने चावत होती, आणि ते एका टेबलावर जेवणाऱ्या तिघांपैकी दोघांना ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा काढली आणि नणंद दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत लेकीला सांभाळले. त्याचेही काही बिघडले नाही.

अक्कांचे ऑपरेशन झाले. रोग गर्भाशयाबाहेर थोडा सरकला होता. आधी आला असतात तर, हे वाक्य डॉक्टरने आजवर किती नातेवाइकांना ऐकवले होते. आता ते तिच्याच तोंडात घोटाळत राहिले, कारण ऐकवायला समोर ती स्वतःच होती. पुढचे उपचार लांबलचक आणि थकवणारे होते. अक्का आपल्याच वॉर्डात, आपणच वर्षानुवर्षे ताणलेल्या चादरींवर पडून होत्या. डॉक्टर स्टुलावर बसली.

“तुम्ही जेवलात का?” अक्कांनी विचारले.

“गप पड,” कडक सिस्टर पलीकडून म्हणाल्या. “पेशंट आहेस तू. पेशंटसारखी वाग जरा.”

“म्हणजे कशी?”

“कुरकूर कर. बेडपॅन उशिरा आणलं म्हणून ओरड माझ्यावर. इतकी वर्षं बघतेयस, शिकली नाहीस काही?”

अक्का हसल्या आणि टाके दुखले म्हणून थांबल्या.

घरी सोडायचा दिवस आला. भाऊ रिक्षा दारात उभी करून वर आला. त्याने पिशवी उचलली. “चल अक्का. घरी आराम होईल. आईपण वाट बघतेय. आणि हिची कंबर धरलीय सारखं वाकून, तू नुसतं बसून सांगत राहिलीस तरी...”

“घरी मला आराम होणार नाही,” अक्का म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या की भावाने पिशवी हातात धरूनच “काय?” विचारले.

“मी घरी येत नाही. उपचार संपेपर्यंत तरी नाही.”

“मग जाणार कुठं? भाऊ जिवंत असताना बहीण दुसरीकडं राहिली, लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांग, अक्का आजारी आहे.”

“माझ्या घरी येतेय ती,” कडक सिस्टर म्हणाल्या. “घरात एक मांजर आहे आणि मी घोरते. दोन्हीची कल्पना दिलीय तिला.”

भावाने डॉक्टरकडे पाहिले. तिने समजूत घालावी अशी त्याची अपेक्षा होती. हे बोलणे अक्कांचे होते, त्यात तिला भर घालायची नव्हती.

“आईला काय सांगू मी?” शेवटी त्याने विचारले. शिक्षकाचा आवाज जाऊन आता लहान भावाचा आवाज आला होता.

अक्कांनी आपले दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. “सांग, बरं वाटलं की येऊन बसेन तिच्यापाशी. वळवायचं काम तुझं. हात आधी चोळून घेत जा.”

तो पिशवी खाली ठेवून गेला. त्याची पावले जिन्यावर ऐकू येईनाशी झाली, तशा अक्का भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. आपण जिंकलो असे त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हते. आपण कुणालातरी उघड्यावर टाकून आलो, असेच त्यांना वाटत होते, आणि ते वाटणे जायला उपचारांपेक्षाही जास्त दिवस लागणार होते.

पुढे दवाखान्याने अक्कांना मानपत्र द्यायचे ठरवले. मजकूर डॉक्टरने लिहावा असे सगळ्यांचे म्हणणे पडले. तिने लिहिला आणि वाचून दाखवायला कडक सिस्टरांच्या घरी गेली. अक्कांचे केस गळाले होते, डोक्याला सुती रुमाल होता. मांजराने त्यांची मांडी कायमची ताब्यात घेतल्यासारखे दिसत होते.

“स्वतःचा जराही विचार न करता ज्यांनी...” डॉक्टरने सुरुवात केली.

“ते वाक्य काढा,” अक्का म्हणाल्या.

“का हो? किती खरं आहे ते.”

“खरं आहे. पण ते कौतुक नाही, डॉक्टर. ती माझ्या आजाराची हकीगत आहे.” त्या थकून थांबल्या, मग म्हणाल्या, “साळुंकीचं लिहा हवं तर. तिथं मी कुणी पाठवलं म्हणून गेले नव्हते. मला जावंसं वाटलं म्हणून गेले.”

डॉक्टरने तसेच लिहिले. सत्याग्रहाला बसल्यासारखी ती त्या कागदापुढे रात्रभर बसली होती, त्यातले एवढेच उरले. समारंभात तिने ते वाचले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का आल्या नव्हत्या, त्या दिवशी त्यांना उठवत नव्हते. वॉर्डात आता ड्यूटी बदलून हवी असली तर घेणारीने पुढे दुसरीची एक ड्यूटी करून परतफेड करायची, असे ठरले आहे. थोडी कुरबुर आहे, पण चालले आहे. अक्कांचे काय होईल ते मात्र आज कुणालाच सांगता येत नाही. त्या कधी बऱ्या असतात, कधी नसतात.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या घरात, नात्यात, कामाच्या जागी अशी एक बाई असेल. बहीण, मावशी, आत्या, शेजारची कुणी. तिने तुमची आजारपणे काढली आहेत, तिचे एकही आजारपण तुम्हाला आठवत नाही. आज तिच्याकडे जा. काम सांगायला जाऊ नका, नुसते जा. झोप लागते का, काही दुखते का, काही अंगावर काढते आहे का, ते विचारा. ती म्हणेल, मला काही झालेले नाही. पहिल्यांदा ती तसेच म्हणणार. तेवढ्यावर उठून येऊ नका.